ससाण्याच्या खोलीतलं घड्याळ

१

कुवेतमध्ये जुलैच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. दुकानं बंद, पडदे ओढलेले, माणसं एसीखाली आडवी. अशा वेळी फोन वाजला की समजावं, एक तर कुणीतरी गेलं आहे, नाहीतर साहेबाची काहीतरी वस्तू हरवली आहे. २००१ सालच्या त्या दुपारी सुचित्रा मोघे यांच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटमध्ये फोन वाजला, तो या दुसऱ्या कारणासाठी.

फोनवर स्वतः बू नासर होते. मिरकाबमध्ये ऑफिस आणि राई या गोदामांच्या भागात एसीच्या मालाचं भलंमोठं गोदाम असलेले हे कुवेती व्यापारी. सुचित्राबाई त्यांच्या ऑफिसच्या मॅनेजर. पुण्याहून येऊन त्यांना इथे बरीच वर्षं झाली होती आणि तेवढ्या वर्षांत बू नासरांनी त्यांना दुपारी झोपेतून कधी उठवलं नव्हतं.

"बर्क गेला," बू नासर म्हणाले.

बर्क म्हणजे त्यांचा शिकारी ससाणा. उन्हाळ्यात ससाण्याची पिसं झडून नवी येतात. त्या दिवसांत त्याला थंडावा लागतो आणि शांतता लागते. दचकून फडफडला तर नवं पीस मोडतं आणि पुढचा हंगाम फुकट जातो. घरी नातवंडांचा धुडगूस, म्हणून बू नासरांनी गोदामाच्या मागच्या अंगाला खास थंड खोली करून घेतली होती. त्या खोलीच्या आसपास मोबाइल नाही, घंटी नाही, कुणी मोठ्याने हाकसुद्धा मारायची नाही, असा कडक हुकूम होता. पक्ष्याची राखण साबीरकडे होती.

"मेला?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"चोरीला गेला. आणि चोर सापडलाय. साबीर." बू नासरांचा आवाज थकलेला होता. "पण तो बोलत नाही. नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. तुझी भाषा बोलणारा माणूस आहे, तू येऊन विचार. सूर्य बुडेपर्यंत, मगरिबच्या नमाजापर्यंत थांबतो. मग पोलीस."

पोलीस म्हणजे आधी कोठडी, मग विमान आणि पासपोर्टवर कायमचा शिक्का. पन्नाशीतल्या माणसाला पुन्हा आखातात पाऊल टाकता येणार नाही. सुचित्राबाईंनी तोंडावर पाणी मारलं आणि खाली ड्रायव्हर मजीदला उठवायला सांगितलं.

२

मजीद हा म्हसळ्याकडचा. सकाळपासून तो बाईंना घेऊन बंदरावर माल सोडवत हिंडला होता आणि दुपारी गाडी त्यांच्याच बिल्डिंगच्या तळघरात लावून पहारेकऱ्याच्या खोलीत झोपला होता. वाटेत काय झालं ते ऐकून त्याने न विचारताच सफाई द्यायला सुरुवात केली.

"मॅडम, माझा चुलतभाऊ कमाल राईच्या पक्षीबाजारात पोपट विकतो. आता सगळे माझ्याकडेच बोट दाखवणार, बघा तुम्ही."

"तू माझ्यासमोर होतास ना सकाळभर? मग गप गाडी चालव."

"चालवतो. पण साबीरभाई असं करील? अहो, तो माणूस उंदराला पण रस्ता सोडून देतो."

 चांगल्या माणसांनी केलेल्या चोऱ्या सुचित्राबाईंनी पुष्कळ पाहिल्या होत्या. वाईट माणसाला चोरी करायची वेळ फारशी येत नाही, त्याला लोक आपणहून देतात, असं त्यांचं मत होतं.

राईत पोचल्यावर मजीदने गाडी उघड्या अंगणातच उभी केली. गाड्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या सावलीत नव्या एसींची खोकी रचून ठेवली होती. बाईंनी पर्स उचलली, पण मोबाइल समोरच्या काचेखाली चार्जिंगला लावलेला तसाच राहिला.

गोदामाच्या ऑफिसात बू नासर तसबीहचे मणी ओढत बसले होते. समोरच्या काचेच्या टेबलावर एकच वस्तू होती. जाड काळ्या रबराचं, चारी बाजूंनी उंचवटे असलेलं, दगडावर आपटलं तरी फुटणार नाही असं डिजिटल घड्याळ.

"साबीरचं. ससाण्याच्या रिकाम्या दांडीखाली पडलेलं सापडलं," बू नासर म्हणाले.

सुचित्राबाई घड्याळाकडे वाकल्या आणि तेवढ्यात ते जिवंत झालं. गुर्रर्र करत काचेवर थरथरलं आणि भुंग्यासारखं सरकत कडेपर्यंत आलं. दारात उभा असलेला पोरगेला मेकॅनिक शत्रुघ्न "आयशीचो घो!" म्हणत दोन पावलं मागे उडाला.

"असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाचा गजर," बू नासर शांतपणे म्हणाले. "वाजत नाही, हलतं. पक्ष्याला त्रास नको म्हणून साबीरने स्वतः शोधून घेतलं होतं. मी तेव्हा खूश झालो होतो."

ते उठून नमाजाला गेले. जाताना त्यांनी सुपरवायझरला आत पाठवलं.

३

गोदामाचे सुपरवायझर विजयकुमार देवरे नाशिककडचे. बोलायला साखर आणि कामाचा प्रत्येक कागद जागच्या जागी. पुढच्या महिन्यात ते कायमचे देशी परतणार होते, निरोपाच्या पार्टीची वर्गणीसुद्धा सुरू झाली होती.

"मॅडम, मला तर अजून विश्वास बसत नाही. गरीब माणूस म्हणून मी त्याला सांभाळून घेत होतो."

"काय झालं ते सांगा, देवरे."

"खोलीच्या चाव्या दोन. एक साबीरकडे, एक माझ्या ऑफिसात खिळ्याला. दुपारची सुट्टी झाली, शटर ओढलं. मी खोलीवरून जाताना दाराशी उभं राहून हळूच विचारलं, 'साबीर, आत आहेस का?' आतून उत्तर आलं, 'हो साहेब.' मी आपला माझ्या केबिनमध्ये जाऊन पडलो. सुट्टी संपल्यावर या शत्रुघ्नला एसीची जाळी साफ करायची होती, म्हणून दार उघडलं. बघतो तर दांडी रिकामी! मी ओरडलो, शत्रुघ्न धावत आला, त्यालाच ते घड्याळ दिसलं."

"आणि साबीर?"

"तेच तर! एवढा आरडाओरडा झाला, पलीकडच्या गोदामातले पठाणसुद्धा धावत आले. आणि हा पठ्ठ्या शेजारच्या खोलीत खाटेवर! मी जाऊन गदागदा हलवला तेव्हा डोळे चोळत उठला. झोपेचं सोंग घेणाऱ्याला कोण जागं करणार?"

"तुम्ही दुपारी कुठे बाहेर गेला नव्हता?"

"या उन्हात?" देवरे हसले. "मॅडम, सावलीत सगळी खोकी भरली आहेत. माझी गाडी आठवडाभर अंगणात तळली जातेय. स्टिअरिंगला हात लावला तर फोड येतो. कोण जातो मरायला!"

सगळं चोख होतं. सुचित्राबाईंना चोख हकिकतींचा कंटाळा यायचा, पण कंटाळा म्हणजे काही पुरावा नव्हे.

शत्रुघ्न आला तो हातातला पाना फिरवतच. कुडाळचा, एसीचा मेकॅनिक. गेल्या आठवड्यात थंड खोलीचा एसी थोडा वेळ बंद पडला म्हणून बू नासर त्याच्यावर चारचौघांत खेकसले होते आणि तो त्या दिवशी जेवला नव्हता. हे सगळ्यांना माहीत होतं.

"मॅडम, राग इलो होतो, खोटा कित्याक सांगू? पण राग साहेबाचो. त्या मुक्या जिवान माझा काय वायट केल्यान?"

"घड्याळ तुला कुठे दिसलं?"

"दांडीखाली. देवरेसाहेब दारात बोंब मारतत, मी आत घुसलंय, खाली बघतंय तर ह्या. उचललंय तर काळाठिक्कर! आकडो नाय, काय नाय. बटणा दाबून बघितलंय. म्हटला, सेल संपलो. टेबलार आणून ठेवलंय आणि साहेब येयसर बघतंय तर आकडे परत इले! देवचाराचा घड्याळ असा ता. आता बघितलात मां, कसा चालत इला?"

"खोली थंड होती?"

"थंडगार. माझो एसी असा तो," शत्रुघ्न छाती काढून म्हणाला.

सुचित्राबाईंनी मान डोलावली. ते वाक्य त्यांच्या कानावरून गेलं आणि त्या क्षणी तसंच गेलं.

४

साबीर मुकादम हर्णैचा. उंच, वाकलेला, दाढी पिकलेली. तो आत आला आणि खुर्चीवर न बसता उभाच राहिला. नजर थेट बाईंच्या तोंडावर. ऑफिसातल्या लोकांना त्याची ही सवय उद्धटपणाची वाटायची.

"बसा, साबीरभाई."

तो बसला.

"घड्याळ तुमचं आहे?"

"माझंच हाय, बाय."

"मग खोलीत कसं गेलं?"

"अल्लाला ठाऊक. जोहरच्या, दुपारच्या नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला बसलो. पट्ट्याखाली पाणी पोचायला होवं, म्हणून मी घड्याळ काढून नळाला लावतो. रोजची सवय. वजू करून, तोंड पुसून बघतो तर घड्याळ नाय."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

 त्याची बोटं मोकळ्या मनगटावरून फिरत होती. तिथल्या कातडीवर पट्ट्याएवढी जागा गोरी राहिली होती.

"घड्याळ चोरीला गेलं म्हणून दोन हाका मारायच्या होत्या. साध्या घड्याळाची एवढी लपवालपवी कशाला?"

"चूक झाली, बाय."

"देवरे म्हणतात, तुम्ही आतून उत्तर दिलंत."

"मी नव्हतो आत. खाटेवर होतो. झोप लागली ती लागली."

सुचित्राबाई वैतागल्या. मदत करायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावणारी ही कुठली तऱ्हा! त्या उठल्या, खिडकीचा पडदा ओढायला पाठमोऱ्या झाल्या आणि जरा चढ्या आवाजातच म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा विचार करा, साबीरभाई. युसराला काय तोंड दाखवणार?"

मागून उत्तर आलं नाही. हुंदका नाही, खुर्चीची करकर नाही. मुलीचं नाव काढलं तर दगडसुद्धा हलेल, आणि हा माणूस तर तिच्या नर्सिंग कॉलेजचा फोटो पाकिटात घेऊन फिरणारा.

बाई वळल्या. साबीर टेबलावरच्या घड्याळाकडे बघत बसला होता. त्यांची हालचाल दिसताच त्याने झटकन वर पाहिलं, पुन्हा थेट तोंडाकडे. सुचित्राबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

"नको, बाय. तोंड कडू झालंय."

सुचित्राबाई सावकाश खुर्चीत बसल्या. तो प्रश्न त्यांनी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारला होता.

५

"कधीपासून?" बाईंनी विचारलं. आता त्या मुद्दाम त्याच्या समोर, उजेडात बसल्या होत्या.

साबीरला कळायचं ते कळलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"बोटीवर होतो, बाय, इंजिनाच्या खोलीत. तिथं हळूहळू गेलं. इथं आलो तेव्हा थोडं यायचं. आता कुणी कानाशी तोफ डागली तरी नाय. ओठ बघून समजतो. अरबी लोकांचं हातवाऱ्यांवर चालतं. पण झोपेतून कोण उठवणार? नमाज चुकायला लागला, पक्ष्याच्या पाळ्या चुकायला लागल्या. मग मिरकाबच्या दुकानात हे हलणारं घड्याळ दिसलं. हातावर असलं की मी बहिरा नाय. नसलं की मेल्यासारखा."

"म्हणून दुपारी उठला नाहीत. म्हणून हाका ऐकल्या नाहीत."

"हां."

"अहो, मग हेच सांगा ना! दाराबाहेरून विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देऊच शकत नाही. देवरे खोटं बोलतायत, एका वाक्यात सिद्ध होतं!"

"आणि मग?" साबीर म्हणाला. "गोदामातल्या अशरफचाचाची नजर गेली, आठ दिवसांत घरी पाठवला साहेबांनी. पक्ष्याजवळ बहिरा माणूस कोण ठेवील? पक्षी तडफडला तर मला कळणार नाय. बाय, हे सांगितलं तर चोरीतून सुटेन आणि नोकरीतून जाईन. पोरीचं शेवटचं वर्ष हाय. तुम्हाला तिची शपथ, बोलू नका."

सुचित्राबाईंना त्याचा राग आला आणि कीवही आली. चोर कोण ते त्यांना आता लख्ख दिसत होतं. देवऱ्यांनी न मिळालेलं उत्तर ऐकलं होतं. पण तो पुरावा मुठीत धरून ठेवायचा, उघडायचा नाही. आणि बाहेर उन्हं कलायला लागली होती.

नेहमी कुठल्याही भानगडीत त्या चार हात लांब राहायच्या. या वेळी मात्र त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाही बोलणार."

६

घरी यायला उशीर होईल हे शेजारणीला कळवावं म्हणून त्या अंगणात गाडीकडे गेल्या. दार उघडल्याबरोबर भट्टीचं झाकण काढावं तशी झळ आली. मोबाइल उचलला, तर बोटं भाजली आणि पडदा पाहिला, तर काळाकुट्ट. आकडा नाही, काही नाही.

"गेला वाटतं हा," त्या पुटपुटल्या.

"कुठं जातोय!" मजीद हसला. "उन्हात राहिला ना काचेखाली, काळा पडणारच. आत थंडीत न्या, जरा वेळाने आपोआप उजळेल. माझ्या गाडीतलं घड्याळ तर उन्हाळाभर दुपारी तोंड काळं करतं."

सुचित्राबाई त्या टळटळीत उन्हात तशाच उभ्या राहिल्या. मजीदला वाटलं, बाईंना ऊन लागलं.

"मॅडम? पाणी आणू?"

"मजीद," त्या म्हणाल्या, "देवऱ्यांची गाडी कुठली?"

"ती काय पांढरी. भर उन्हात."

"शत्रुघ्न कशाने येतो?"

"कंपनीच्या बसने. त्याच्याकडे सायकलसुद्धा नाही. साबीरभाई तर इथंच राहतो. खोकी चढवणाऱ्या पोरांकडे पण गाड्या नाहीत. का हो?"

बाई आत वळल्या. चालता चालता त्यांनी एकदा मोबाइलकडे पाहिलं. कोपऱ्यातून एक आकडा हळूच डोकं वर काढत होता.

७

बू नासरांच्या समोर सगळे उभे होते. साबीर एका बाजूला, मान खाली. सुचित्राबाईंनी देवऱ्यांकडे हात केला.

"देवरे, जरा गाडीची चावी द्या."

"माझी? कशाला?"

"चहा होईपर्यंत एक वस्तू ठेवायची आहे."

नाही म्हणायला कारण नव्हतं. बाईंनी साबीरचं घड्याळ मजीदच्या हातात दिलं आणि ते पांढऱ्या गाडीत, समोरच्या काचेखाली ठेवायला लावलं. मग चहा आला. बू नासरांनी दोन पेले घेतले. देवऱ्यांचा पेला तसाच राहिला.

मजीदने रुमालात धरून घड्याळ परत आणलं. पडदा काळाठिक्कर होता.

"ह्यां असाच!" शत्रुघ्न ओरडला. "मी उचललंय तेव्हा अस्साच होता!"

"आणि तू ते कुठून उचललंस?"

"थंड खोलीतसून."

"चला, तिथेच जाऊ."

थंड खोलीत रिकाम्या दांडीखाली बाईंनी घड्याळ ठेवलं. सगळे वाकून बघत राहिले. आधी काळोख करडा झाला, मग त्यातून आकडे उमटले.

सुचित्राबाईंनी अरबीत सांगायला सुरुवात केली. त्यांचं अरबी दुकानदारीचं होतं, पण हिशेब सरळ होता. "साबीर दुपारी इथे आला आणि घड्याळ पडलं असं म्हणता, तर तीन तास या गारव्यात पडलेलं घड्याळ काळं कसं असेल? शत्रुघ्नला ते काळं मिळालं. म्हणजे ते उन्हात तापलेल्या गाडीतून नुकतंच इथे आलं होतं. दार उघडण्याच्या वेळीच. आणि दार उघडलं एकट्याने."

बू नासरांनी मान वळवली.

"खिशात का नाही ठेवलं?" मजीदने मध्येच तोंड घातलं.

"खिशात ठेवलं की ते गुरगुरतं. गजर बंद कसा करायचा हे साबीरभाईंशिवाय कुणाला माहीत? म्हणून गाडीत ठेवलं. गाड्या बघा. मजीदची माझ्या तळघरात होती. शत्रुघ्नला गाडी नाही. उन्हात तळणारी गाडी इथे एकच, हे देवऱ्यांनीच मला कौतुकाने सांगितलं."

देवऱ्यांच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली. पण माणूस कसलेला होता. "साहेब, घड्याळं काळी होतात, पांढरी होतात. यावर माणसाला चोर ठरवणार? मी हाक मारली तेव्हा साबीर आत होता! त्याने उत्तर दिलं! त्यालाच विचारा!"

बू नासर साबीरच्या मागे उभे होते. त्यांनी तिथूनच, नेहमीच्या त्यांच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "साबीर. तू बोला, हो साहेब? बोला की नहीं बोला?"

साबीर समोर, रिकाम्या दांडीकडे बघत होता. तो हलला नाही.

खोलीत एसीची घरघर तेवढी होती. देवऱ्यांच्या ओठांवर हसू यायला लागलं. बू नासरांच्या भुवया वर गेल्या.

सुचित्राबाई चटकन दोन पावलं पुढे झाल्या, साबीर आणि दांडी यांच्यामध्ये. "साहेबांची हिंदी यांना कळत नाही," त्या अरबीत म्हणाल्या, आणि साबीरच्या डोळ्यांत डोळे घालून, एकेक शब्द सुटा करून मराठीत विचारलं, "साहेब विचारतायत, देवऱ्यांच्या हाकेला तुम्ही उत्तर दिलंत का?"

"नाय," साबीर खणखणीत आवाजात म्हणाला. "कुराणावर हात ठेवतो. नाय."

बू नासरांनी साबीरकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा साबीरकडे. देवऱ्यांकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, "पक्षी कुठे?"

"मला काय माहीत, साहेब?"

"मजीद," सुचित्राबाई म्हणाल्या, "तुझा तो पोपटवाला भाऊ. त्याला फोन लाव. आज दुपारी, बाजार बंद असताना, कुणाच्या दुकानात नवा ससाणा आला का विचार. पक्षी लपवायचा तर माणूस पक्ष्यांतच लपवणार, आणि बाजार इथून हाकेच्या अंतरावर आहे."

मजीदने नंबर फिरवला. पलीकडून कमालचं बोलणं खोलीभर ऐकू येत होतं. तिसऱ्या गल्लीतल्या एकाने दुपारीच शटर अर्धं उघडलं होतं म्हणे, आत डोळ्यांवर टोपी घातलेला मोठा ससाणा होता आणि एसी फुल्ल होता. उद्या सकाळी सरहद्दीपलीकडचं गिऱ्हाईक यायचं होतं.

देवरे भिंतीला टेकले आणि तसेच खाली बसले. "महिन्याभरात जायचंच होतं," ते कुणाला उद्देशून म्हणाले कळलं नाही. "म्हटलं, हा साबीर काय, कधी तोंड उघडत नाही."

८

मगरिबच्या आधी बर्क दांडीवर परत बसला होता. एक पीस मोडलं होतं. बू नासरांनी त्याच्या छातीवरून बोट फिरवलं आणि पोलिसांना फोन केला, तो देवऱ्यांसाठी.

मग त्यांनी गाडीतून एक पुठ्ठ्याचं खोकं मागवलं. आत मशिदीच्या आकाराचं, हिरव्या घुमटाचं टेबलघड्याळ होतं. पाच वेळा बांग देणारं, इथे घरोघर असतं तसं. "माझ्या घरासाठी आज घेतलं होतं. साबीरला दे. माझ्याकडून माफी," ते बाईंना म्हणाले.

साबीरने ते दोन्ही हातांनी घेतलं. घुमटावरचं बटण दाबलं. घड्याळ कानाशी धरलं, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"सुभानल्ला," तो म्हणाला. "काय गोड बांग देतो, साहेब!"

 घड्याळ चिडीचूप होतं. त्याचे सेल अजून खोक्याच्या तळाशी, न फोडलेल्या प्लास्टिकमध्ये पडले होते, आणि बू नासर त्या सेलांकडेच बघत होते.

 मग बू नासर पुढे झाले. त्यांनी साबीरच्या हातातून ते हिरवं घड्याळ हळूच काढून घेतलं आणि खोक्यात ठेवलं.

"नको, हे नको," ते बाईंना अरबीत म्हणाले. "पक्ष्याच्या शेजारी आवाज नको." त्यांनी दांडीखालचं काळं रबरी घड्याळ उचललं, साबीरचा हात धरला आणि मनगटावरच्या त्या गोऱ्या जागेवर स्वतः पट्टा आवळला. नंतर साबीरच्या समोर, उजेडात उभं राहून, ओठ नीट हलवत, सावकाश म्हणाले, "कल. सुबह. काम."

"जी साहेब," साबीर म्हणाला.

बू नासर गाडीत बसून गेले. अंगणात ऊन उतरलं होतं, आणि कुठल्यातरी मशिदीतून बांग सुरू झाली होती. साबीरचं मनगट थरथरलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा हसला.

"बाय, अल्लाने अब्रू राखली. साहेबांना काय कळलं नाय."

सुचित्राबाई त्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या, त्याला ओठ दिसतील अशा.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही कळलं नाही. जा, नमाजाला उशीर होईल."